मिसिसिपीकाठची घंटा

मी सिव्हिल इंजिनिअर, आता रिटायर्ड. नाशिकला गंगापूर रोडला राहतो. असले अनुभव कुणी सांगायला लागलं की मी हसून विषय बदलणारा माणूस... त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

मागे मी आणि बायको सुनंदा, आमच्या मुलीकडे, अनघाकडे अमेरिकेत गेलो होतो. आयोवा राज्यात, मिसिसिपीच्या काठी. शहर म्हणायचं, पण आपल्या सिन्नरपेक्षाही लहान. विटांचे रस्ते, चौकात जुनं कोर्ट, शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार. अनोळखी माणूससुद्धा थांबून चौकशी करणार. सुनंदा तिथे लगेच रमली.

शेजारच्या मार्थाआजी गावचं छोटंसं म्युझियम सांभाळायच्या. त्यांनी सांगितलं — पूर्वी इथे बोटींचा धक्का होता. धुकं पडलं की चर्चची घंटा वाजवत राहायचे, म्हणजे बोटवाल्यांना काठ कळायचा. आता त्या बोटी गेल्या, पण दर ऑक्टोबरात एका रविवारी अख्खं गाव रांग लावून घंटेचा दोर एकेकदा ओढतं.

"आपल्याकडे घंटा देवासाठी, इथे माणसासाठी," सुनंदा म्हणाली होती.

एका सकाळी ती एकटीच नदीकाठच्या पायवाटेने फिरायला गेली. अनघा आणि मी घरी चहा घेत होतो. बघता बघता असं धुकं उतरलं की अंगणातलं झाड दिसेना. तेवढ्यात तिचा फोन.

"अहो, मला काहीच दिसत नाहीये... पाण्याचा आवाज फार जवळून येतोय हो."

"आहेस तिथेच थांब! हलू नकोस, आम्ही निघतोय."

"थांबा... घंटा वाजतेय. माझ्या पाठीमागे. त्या रोखाने येऊ का?"

फोनमधून मलाही ऐकू आली. जड, संथ. एक ठोका... मग शांतता... मग दुसरा.

"ये. सावकाश ये. फोन ठेवू नकोस."

आम्ही चर्चपाशी पोचलो तेव्हा ती पायऱ्यांवर बसली होती. हात गार पडलेले. मी म्हटलं, "बरं झालं बाई, कुणीतरी घंटा वाजवली!"

अनघा माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, आपलं घर चर्चच्या मागेच आहे. घंटा वाजली असती तर घरात कानठळ्या बसल्या असत्या. मला काहीच ऐकू आलं नाही."

तिने मार्थाआजींना बोलावून घेतलं. आजी आम्हाला आत घेऊन गेल्या. घंटा दुरुस्तीसाठी खाली उतरवली होती. लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली, लोलक काढून बाजूला.

धुकं विरल्यावर मी त्या पायवाटेने जाऊन आलो. एका ठिकाणी काठ खचून वाट सरळ नदीत गेली होती. सुनंदाच्या बुटांचे ठसे त्या कडेच्या जेमतेम हातभर अलीकडे वळले होते.

ऑक्टोबरपर्यंत घंटा पुन्हा वर चढली. त्या रविवारी गावकऱ्यांनी पहिला मान सुनंदाला दिला. तिने दोर ओढला. आवाज खणखणीत आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, ही ती नाही."

मलाही तेच वाटलं होतं. आम्ही ऐकलेला आवाज कितीतरी खोल होता.

आजींनी विचारलं, काय म्हणतायत? अनघाने सांगितलं. आजी म्हणाल्या, "ही दुसरी. पहिली घंटा फार पूर्वी पुरात वाहून गेली. नदीतच आहे."

सुनंदाने नदीच्या दिशेने हात जोडले. मी मात्र अजून फोनचा स्पीकर, धुक्यातला ध्वनी, मनाचे खेळ... सगळं ताडून बघतोय. एकही कारण धड लागू पडत नाही.