कल्हईवाल्याच्या घरचं पन्हं

टण्ण.

हा आवाज मी सहासात वर्षांचा असल्यापासून ऐकत आलो. आमचे वडील कल्हई केलेलं भांडं डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायचे आणि उजव्या हाताच्या नखाने टिचकी मारायचे. कल्हईचा आणि त्या आवाजाचा काही संबंध असतो का, ते मला आजही माहीत नाही. पण वडील ऐकायचे. काम मनासारखं झालं असलं तर भांडं उताणं ठेवायचे. नसलं तर माझ्यासमोर पालथं घालायचे आणि काही न बोलता निघून जायचे. बोलणं आमच्या घराण्यात नव्हतंच. एखादी थप्पड मारली असती तर बरं, असं वाटायचं.

माझी तीन भांडी पालथी पडली. तिन्ही मला आठवतात. आता चहा ओता आणि चौथ्याची गोष्ट ऐका. माझ्याच मूर्खपणाची आहे, म्हणून सावकाश सांगतो. तसाही मी सावकाशच सांगतो.

आम्ही देवासचे कल्हईवाले. पणजे संस्थानाच्या मुदपाकखान्याबरोबर महाराष्ट्रातून इकडे आले, तिथली भांडी चमकवायला. पुढे संस्थान गेलं, मुदपाकखाना गेला, मग घरोघरी स्टील आलं आणि आम्हीही गेलो. तीस वर्षं मी एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलले.

गिऱ्हाईक एकच उरलं. आमची ही.

हिच्याकडे तांब्याचा एक मोठा गंज आहे. लग्नात हिच्या मावशीने दिलेला. मावशी धारला असतात, सगळे त्यांना माई म्हणतात. चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असतं. त्याच्या आधी मी अंगणात भट्टी पेटवतो, गंजाला कल्हई करतो आणि त्यात ही पन्हं करते. माळव्यात तेव्हा लू, म्हणजे उन्हाचा गरम वारा, सुरू झालेली असते, आणि लू लागू नये म्हणून कैरीच्या पन्ह्यासारखं दुसरं काही नाही. देवासात आता मराठी घरं राहिली किती? पण त्या दिवशी हिच्या पन्ह्यासाठी पार स्टेशनपलीकडून बायका येतात. वर्षात तो एक दिवस हिचा. बाकीचे दिवस माझ्या पथ्यपाण्याचे.

आता, ज्यांनी स्टीलच पाहिलंय त्यांच्यासाठी सांगतो. आंबट पदार्थ नुसत्या तांब्यात राहिला की कळकतो. हिरवट पडतो, जिभेवर पैसा ठेवल्यासारखी चव येते, आणि पोटात गेलाच तर पोट तो परत करतं. तसं होऊ नये म्हणून भांड्याला आतून कथलाचा हात द्यायचा, तीच कल्हई. आमच्या चार पिढ्या या एवढ्या ज्ञानावर जेवल्या. मी चौथी नापास, पण हे मात्र मला पाठ होतं. असा माझा समज होता.

मी सकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला जातो. तिथे आरोग्यवाल्यांचा एक ग्रुप आहे. दुबेजी त्यांचे म्होरके. रिटायर झाल्यापासून त्यांनी निसर्गाचा ध्यास घेतलाय. एका आठवड्यात दुधीचा रस, दुसऱ्यात मेथीचं पाणी, तिसऱ्यात अनवाणी गवतावर. चार चकरा मारायच्या, पोटातलं विष बाहेर कसं काढावं यावर अर्धा तास बोलायचं आणि मग कोपऱ्यावर पोहे-जलेबी, वर मूठभर शेव. विषाला तरी एकटं कशाला बाहेर पाठवायचं, नाही का?

मी आपला बाकाच्या टोकाला बसायचो. एक दिवस सगळेजण तांब्याच्या बाटल्या घेऊन आले. मी सवयीने एक हातात घेतली आणि टिचकी मारली.

"पत्रा पातळ आहे," मी म्हटलं.

"आपको कैसे पता, काका?"

"साठ वर्षं हेच केलं, भिया." खिळ्यांची तीस वर्षंही मी त्यातच धरली.

झालं. मला उचलून बाकाच्या मधोमध बसवलं. दुसऱ्या दिवसापासून मी गुरुजी. ज्या तांब्याने मला उपाशी मारलं होतं त्याच्याबद्दल आता लोक वहीत लिहून घ्यायला लागले. पाणी किती तास ठेवायचं, उजव्या हाताने प्यायचं की डाव्या. मला काय ठाऊक? पण विचारल्यावर उत्तर द्यावं लागतं. आयुष्यभर न बोललेलं सगळं मी त्या महिन्यात बोलून घेतलं.

त्याच सुमारास ही पंधरा दिवसांसाठी धारला माईंकडे गेली. घर माझ्या ताब्यात आलं आणि दुबेजी घरी आले. त्यांनी ओसरीवरच्या गंजात डोकावून पाहिलं.

"गुरुजी, ये अंदर सफेद-सफेद क्या है?"

"कल्हई."

"मतलब केमिकल."

"कथील आहे."

"तो तांबा पानी को छू ही नहीं रहा. फायदा किसको हो रहा है, बर्तन को?"

त्या माणसाचं आयुष्यात एकदा बरोबर होतं आणि ते नेमकं माझ्या नशिबी आलं. पाण्याला कल्हई लागत नाही, ते खरंच. मी म्हणायला हवं होतं, भिया, हा गंज पाण्याचा नाहीच, घरधनिणीच्या पन्ह्याचा आहे. पण गुरुजी असं कसं म्हणणार?

मी गंज तापवला आणि कापसाच्या बोळ्याने कल्हई पुसून काढली. मग चिंच आणि ओली वाळू टाकून आत उभा राहिलो, भिंत धरून पायांनी वाळू फिरवायला लागलो. वडिलांनी असंच शिकवलं होतं. दुबेजी एका हाताने मला सावरत होते, दुसऱ्या हाताने मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला गंजात नाचताना अर्ध्या देवासने पाहिलं. ज्या हातांनी अठ्ठेचाळीस वर्षं तिथे कथील चढवलं, त्यांनीच ते उतरवलं. आतून गंज गुलाबी निघाला. म्हटलं, चैत्रगौरीला अवकाश आहे, तोवर परत करून टाकू. हिला कळायचंही नाही.

रोज सकाळी ग्रुप आमच्या ओसरीवर. गंजातलं पाणी पिऊन कोणाचा गॅस गेला, कोणाचे गुडघे वळायला लागले. एकाचं तर टक्कल भरायला लागलं. म्हणजे असं तोच म्हणाला, आम्हाला कोणाला दिसलं नाही.

ही परत आली ती माईंना घेऊनच. माई शहाऐंशीच्या.

"इंदू, यंदाचं पन्हं पिऊन घेते," त्या आल्या आल्याच हिला म्हणाल्या. "पुढल्या वर्षी बस झेपायची नाही. तुझ्या हातचं, त्याच गंजातलं. मग मी मोकळी."

हिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, कल्हई करून घ्या बरं."

"करतो."

कथील होतं, नवसागर होता, कोळसा होता. नव्हती ती फुरसत. गुरुजींना फुरसत असते का? रोज सकाळी ग्रुपला गंजातलं पाणी हवं, आणि कल्हई केली की गुरुजींचं दुकान बंद. मी आजचं उद्यावर ढकलत राहिलो. ही भरवशावर होती. गंज ओसरीवर माझ्याजवळ, वर झाकण. ही आपली माठातलं पाणी प्यायची आणि म्हणायची, "तांब्याचा ताप उतरला की सांगा मला."

हळदीकुंकवाच्या आदल्या संध्याकाळी मी दारात दोघातिघांना तांब्याचे गुण समजावत होतो. आतून आवाज आला, "अहो, कल्हई झाली ना?"

"हो, हो."

हे 'हो हो' मी लग्नापासून म्हणत आलोय. आतला आवाज थांबावा म्हणून म्हणतो. हिने ते पहिल्यांदाच खरं धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिने कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ, वेलची, केशर, सगळं केलं. मी नेहमीसारखा गंज धुतला, तोंडाला पांढरं फडकं बांधलं. पन्हं त्यातून गाळून गंजात सोडायचं, हे काम दर वर्षी माझं. फडकं बांधलं की आतलं काही दिसत नाही. आणि मी पाहतच कुठे होतो? दुबेजी दारात उभे होते.

"गुरुजी, एक बात बताओ. तांबे में क्या नहीं रखना चाहिए?"

मी पातेलं उचललं आणि ओतायला लागलो.

"खट्टी चीज, भिया. कधीच नाही. ताक नाही, लिंबू नाही, चिंच नाही, कैरी तर अजिबातच नाही."

"कैरी तो अजिबातच नाही," दुबेजी मराठीत म्हणाले आणि मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

"तांबं आंबटाला खातं, आंबट तांब्याला खातं," मी म्हटलं, आणि पातेल्यातलं शेवटचं पन्हं फडक्यावर ओतून वरून चमच्याने दाबलं, वाया जाऊ नये म्हणून.

दहा वाजता गंज ओल्या वाळूवर बसवला, वर झाकण, त्यावर ओलं पोतं. संध्याकाळपर्यंत छान गार झालं. बाकीचंही सगळं छान झालं.

पाचला बायका जमल्या. गौरीला नैवेद्य दाखवून झाला. देवीने काही तक्रार केली नाही, देवी सोशिक. मी ओसरीवर बसून आतली कुजबुज ऐकत होतो. हिचा आवाज त्या दिवशी वेगळा असतो, जरा मोठा. "पहिला पेला माईंना," ही म्हणाली.

गंजात पळी बुडाल्याचा आवाज आला.

"इंदू, थांब. कोणाला देऊ नकोस." माईंचा आवाज. नंतर तस्तात थुंकल्याचा.

"काय झालं, माई?"

"कळकलंय."

इकडच्याच, हिंदी बोलणाऱ्या एका सुनेने शेजारणीला हळूच विचारलं, "मतलब?"

"मतलब तांबे में खराब हो गया, बेटी," माई म्हणाल्या. "जावईबापू आहेत का बाहेर?"

मी दारात जाऊन उभा राहिलो. तीसेक बायका, प्रत्येकीच्या हातात रिकामा पेला.

"जावईबापू, या गंजाला कल्हई कोण करतं?"

"मीच."

"यंदा?"

मी गप्प. आयुष्यभर गप्प राहण्याचा सराव होता, तो नको त्या महिन्यात मोडला आणि नको त्या क्षणी परत आला.

"शहाऐंशी वर्षांत किती घरचं पन्हं प्यायले," माई म्हणाल्या. आवाज मऊच होता. "कळकलेलं आज पहिल्यांदा लागलं. तेही कल्हईवाल्याच्या घरी."

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मला बसता आलं असतं.

हिने पदर खोचला. "पन्हं यंदा नाही," एवढंच म्हणाली आणि आंब्याची डाळ, कलिंगड वाढायला लागली. बायका ओटी घेऊन निघाल्या. दर वर्षी जाताना पन्ह्याबद्दल बोलतात. या वर्षी कलिंगडाबद्दल बोलल्या. कलिंगड मी आणलं होतं, पण तेवढ्याने काय होतं.

माईंची बस दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची. घरात सात-आठ कैऱ्या उरल्या होत्या. मी ठरवलं, माईंना गंजातलं पन्हं पाजल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. उजाडताच भट्टी पेटवली. गंज घासला, तापवला, नवसागर टाकला. धूर उठला, कथील पाघळलं, कापसाचा बोळा फिरवला. हात अजून विसरले नाहीत हो. गंज पाण्यात बुडवला, चर्र झालं. आत पाहिलं तर माझा चेहरा मला स्पष्ट दिसला. त्या दिवशी तो दिसला नसता तरी चाललं असतं.

इतक्यात ग्रुप आला, बाटल्या घेऊन.

"गुरुजी, ये क्या? फिर से केमिकल?"

"हो," मी म्हटलं. "आणि मी गुरुजी नाही. मी कल्हईवाला आहे."

मोबाइलमध्ये लिहून घ्यावं की नाही, ते दुबेजींना कळेना.

मी दोन्ही हातांनी गंज धरून ओसरीवर चढलो. तिथे माई बसल्या होत्या, पायाशी पिशवी, हातात स्टीलचा पेला. ओठांवर केशरी रेघ.

"छान झालंय हो, इंदू," त्या म्हणत होत्या. "स्टीलच्या पातेल्यातलंही छानच लागतं की. मला आपलं उगाच वाटायचं, त्या गंजाचीच चव आहे."

ही दारात उभी होती. मी गंज पुढे धरला. हिने तो घेतला, आत पाहिलं. मग कमरेला टेकवून डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरला आणि उजव्या हाताच्या नखाने टिचकी मारली. हे हिने कधी बघून ठेवलं होतं, कोण जाणे.

टण्ण.

असा आवाज माझ्या हातून सबंध आयुष्यात निघाला नव्हता. वडील असते तर त्यांनीही गंज उताणा ठेवला असता. मला वाटलं, सुटलो.

हिने माझ्यासमोर गंज पालथा घातला आणि काही न बोलता आत निघून गेली.