शांतवनदादाने कापलेली बाकं

फोन आला तेव्हा मी चेन्नईत पेरुंगुडीच्या एका फ्लॅटमध्ये जुन्या चौकटीवरून घासाघीस करत होतो. गिऱ्हाईक पुण्याचं, सॉफ्टवेअरमधलं, तरुण. ही चौकट चेट्टिनाडच्या कुठल्या घराण्याची, तिच्याखालून किती नवऱ्या मुली आत आल्या, असं माझं चाललं होतं. तेवढ्यात अनोळखी नंबर वाजला. बोलत होती शेल्वी, एन्नोरला दादाच्या शेजारी राहणारी, मासे विकणारी बाई. "अण्णा पोयिट्टार," एवढंच म्हणाली. अण्णा गेले... गिऱ्हाईक म्हणालं, "काका, शेवटचं सांगा." त्याने जो भाव म्हटला होता त्यालाच मी हो म्हटलं आणि जिना उतरलो. एवढ्या वर्षांच्या धंद्यात असं कधी केलं नव्हतं.

शांतवनदादा माझा चुलतभाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचं चौदा महिने बोलणं नव्हतं. बोलणं मी सोडलं होतं, त्याने नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मृत्यूनंतर लिहिताना माणसं आपली बाजू साफ करून घेतात आणि मलाही तो मोह आहे.

बारावीत आपटलो तेव्हा त्यानेच मला नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून मद्रासला बोलावून घेतलं. तेव्हा आम्ही मद्रासच म्हणायचो. एन्नोरच्या वीज केंद्रात तो फिटर होता. त्याच्या क्वार्टरमध्ये मी चार वर्षं राहिलो, सरोजवहिनींच्या हातचं जेवलो. दादाची भक्ती दिसायची नाही. पहाटे उठून पाच-दहा मिनिटं प्रार्थना, संध्याकाळी एक अध्याय वाचायचा, मग जेवायचं. गळ्यात क्रूस नाही, भिंतीवर वचनांची कॅलेंडरं नाहीत. एकदा मी भंगारवाल्याकडे काम करत असताना त्याची एक सही हवी होती. वीज केंद्रात यंत्रांबरोबर आलेली सागाची खोकी त्याने भंगारात दाखवली की झालं. मी तासभर त्याला पटवत होतो. सगळेच करतात, वरच्या साहेबांनाही पर्वा नाही, तुझं काय जातंय... तो म्हणाला, "नाही म्हटलं ना, विज्या. जेवायला बस." उपदेश केला असता तर मी भांडलो असतो. त्याने ताटात भात वाढला. मी ताट सारून उठलो आणि आठवड्याभरात वेगळी खोली घेतली.

जुन्या लाकडाचा धंदा मी तिथून उभा केला. पाडलेल्या घरांचे दरवाजे, खांब, झोपाळे घ्यायचे, घासूनपुसून नव्या फ्लॅटवाल्यांना विकायचे. दुकान उघडलं त्या दिवशी दादा आला, प्रार्थना केली आणि जाताना म्हणाला, "खोटं बोलून विकू नको, एवढंच." मी म्हणालो, "खोटं कुठं बोलतो? गोष्ट सांगतो." तो हसला. पण त्यानंतर माझ्या दुकानातलं काही त्याने घरी नेलं नाही, भेट दिलेला पाटसुद्धा नाही.

शहरातल्या आम्हा मराठी ख्रिस्ती घरांची महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना व्हायची. आधी भाड्याच्या हॉलमध्ये, पुढे भाडं परवडेना तेव्हा दादाच्या एन्नोरच्या घरी. निवृत्त झाल्यावर तो तिथेच, बहुतेक ख्रिस्ती असलेल्या कोळ्यांच्या वस्तीला लागून राहिला होता. उपासना तासाभराची, पण त्यानंतरच्या चहाला तीन तास लागायचे. गावचा नाताळ, गावच्या करंज्या, भल्या पहाटे ढोलकीवर निघणारी भजनं. डोळे पुसत पुसत आम्ही ते बोलायचो. एकदा असंच चालू असताना शेल्वी फाटकाशी येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याला तापात भ्रम झाला होता. आमच्यातलं कोणी उठलं नाही. दादा कप ठेवून गेला तो उपासनेची माणसं पांगल्यावरच परतला. पुढच्या महिन्यात तो म्हणाला, "आपण इथं देवाकडे येतो का गावाकडे?" कोणाला आवडलं नाही. मला तर मुळीच नाही.

त्याच सुमारास कळलं, गावचं जुनं चर्च पाडून नवं बांधणार, आतली सागवानी बाकं विकणार. मी गेलो. पंचांशी तीन दिवस घासाघीस करून चार बाकं मिळवली, ट्रकने इथवर आणली आणि दादाच्या व्हरांड्यात मांडली. सगळ्यांना सांगितलं, दुसरं बाक माझ्या वडिलांचं. त्यांच्या मांडीवर बसून मी उपदेश ऐकला आहे. बायका रडल्या. दादाने नुसता बाकावरून हात फिरवला.

वर्षभराने एका रविवारी पोचलो तर व्हरांड्यात दोनच बाकं.

"दादा, बाकं कुठायत?"

"कामाला गेली."

वस्तीत एक जाळी विणणारी म्हातारी वारली होती. पुरायला पेटी नव्हती. दादाने एका दुपारी बाक कापून पेटी केली. मग तिच्या शेजारचा एक जण गेला, त्यालाही. वस्तीत हे कळलं होतं, आणि दादा कोणाला नाही म्हणणार नव्हता. मी ओरडलो. मला विचारलं का नाही? माझ्या बापाची जागा होती ती!

"कोणाच्या बापाची?" दादा शांतपणे म्हणाला. "बाकं मास्तर लोकांची आणि मिशनच्या साहेबाची. तुझा बाप, भाऊकाका, उभ्या जन्मात बाकावर बसला नाही. तू, मी, तो, आपण दाराशी तरटावर बसायचो. आठव जरा."

आणि मला आठवलं. उघड्या मांड्यांना टोचणारं ते तरट, त्याचा वास, पुढच्या बाकांखालून दिसणारे मास्तरांचे बूट... सगळं लख्ख आठवलं. गिऱ्हाइकाला जी गोष्ट सांगून मी भाव चढवतो, तीच मी स्वतःला विकली होती. खरं निघालं म्हणूनच राग डोक्यात गेला. मी म्हणालो, "तुला मूलबाळ नाही, म्हणून तुला मागचं काही राखायचं पडलेलं नाही."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

त्यानंतर मी गेलो नाही. नाताळात त्याने फोन केला, मी उचलला नाही. मग शेल्वीच्या नवऱ्याबरोबर करंज्यांचा डबा आला. त्या मी दुकानात उभ्या उभ्या खाल्ल्या. डबा धुऊन परत पाठवला, चिठ्ठी घातली नाही.

अंत्यविधीला पोचलो तर दादा प्लायवूडच्या पेटीत होता. पातळ प्लाय, कडेला खिळ्यांची टोकं दिसणारा. वस्तीतल्या पोरांनी जमेल तशी केली होती. माझं डोकं तिथेही फिरलं. "घरात सागवान असताना हे काय?" वहिनी म्हणाल्या, "शेवटचं बाक मागच्या महिन्यात गेलं." मी म्हणालो, दोन तास थांबा, वखारीतून लाकूड आणतो, सुतार आणतो. तासभर तरी. "नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हाताशी असेल त्यात पुरा, असं त्यांनी सांगून ठेवलंय." आयुष्यभर सौदे केले, पण तिथे मला एक मिनिटही मिळालं नाही. कबरीपाशी आम्हा मराठी मंडळींना गाणं म्हणायला सांगितलं. मी पुढे होऊन दादाचं आवडतं भजन सुरू केलं. पहिलं कडवं झालं आणि आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. पुढची कडवी कोणालाच येत नव्हती. ती इतकी वर्षं दादाच म्हणत होता, आम्ही फक्त डोळे पुसत होतो. वस्तीतल्या बायकांनी तमिळमध्ये आपलं गाणं उचललं आणि शेवटपर्यंत म्हटलं.

याला आता सहा आठवडे झाले. गेल्या रविवारी एन्नोरला गेलो. व्हरांडा मोकळा. वीज केंद्राची राख कठड्यावर साचलेली, वहिनी ती फडक्याने पुसत होत्या. वाटेत मी बोलणं जुळवलं होतं. सुरुवात कशी करायची, वहिनी काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणेन. पण समोर बसल्यावर तोंडातून एवढंच आलं, "वहिनी, त्या दिवशी मी जे बोललो..."

"लागलं होतं," त्या म्हणाल्या. "मला लागलं. त्यांना जास्त लागलं. चार दिवस नीट जेवले नाहीत."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ द्या, झालं गेलं. धंद्यात कोणी पहिलाच आकडा खरा सांगितला की मी गडबडतो, तसं झालं.

"मग... माफ केलं का त्याने?"

"ते त्याच संध्याकाळी केलं. प्रार्थनेत तुमचं नाव रोजच्या जागी घेतलं, एक दिवस चुकलं नाही. लागलेलं मात्र तसंच राहिलं. ते तुम्ही येऊन काढायचं होतं."

मग वहिनी आत गेल्या आणि दादाची करवत घेऊन आल्या. "हिची धार गेलीय," म्हणाल्या. "लावून आणा. शेल्वीच्या सासऱ्याचं आता काही खरं नाही."

बाकांचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. त्याने मला विचारायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं हे त्याला ठाऊक होतं, तरी विचारायला हवं होतं. आणि मी फोन उचलायला हवा होता.

करवत आता माझ्या वखारीत आहे. मुठीला त्याने जुन्या लुंगीची चिंधी गुंडाळली आहे, घामाने काळी पडलेली. धार लावणारा म्हणाला, ही घाण काढून नवी मूठ बसवून देतो. त्याच्या अंगावर मी ओरडलो. मग एका सागाच्या फळीवर करवत चालवून पाहिली. ती फळी मी कुठल्या घराण्याची म्हणून सांगत होतो, ते कापताना मला आठवेना.