बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा दम

आबाजी डॉक्टर गेल्याचं मला बीबी गावात, भाच्याच्या घरी कळलं. त्यानंच वर्तमानपत्र वाचून दाखवलं. चारच ओळी होत्या. छातीच्या रोगांचे वऱ्हाडातले पहिले जाणकार, साधी राहणी, वगैरे... आणि शेवटी, ‘कापसाच्या जिनातल्या हवेने कामगारांच्या छातीला अपाय होत नाही, हे त्यांनी प्रथम सिद्ध केले.’

“आत्या, काऊन रडून राह्यली? चांगलंच तं लिहिलं,” भाचा म्हणाला.

डॉक्टरांचं वय झालं होतं, पिकलं पान होतं ते. मी रडत होते त्या शेवटच्या ओळीपायी. पाच आठवडे झाले, ती ओळ काही मनातून जात नाही. म्हणून त्याच वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहायला बसले. शाळा मी पाहिली नाही, अक्षरं जमतील तशी गोळा केली. तेव्हा सांभाळून घ्या.

आबाजी सुलतानपूरच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. नागपूर-मुंबईला शिकले, तिकडेच राहिले असते तर बंगला बांधला असता. पण त्यांच्या मनात एकच : आपल्याकडे हंगाम सुरू झाला की जिनातल्या बाया खोकतात, त्या काऊन? असं विचारणारा तोवर कोणी नव्हता. मी तेव्हा आमच्या गावाबाहेरच्या जिनात होते. यंत्राच्या तोंडी कपाशी सोडायची, सरकी इकडे, रुई तिकडे, आणि मधली सगळी धूळ आमच्या नाकातोंडात. संध्याकाळी भुवया अशा पांढऱ्या व्हायच्या की लेकरू ओळखायचं नाही.

डॉक्टरांकडे एक लांब फळी होती, तिच्यावर बोटा-बोटाच्या अंतरानं रेघा. एका टोकाला चिमूटभर कापूस ठेवायचा आणि तोंड उघडं ठेवून फुंकायचं. कापूस कितव्या रेघेवर थांबला, ते वहीत लिहायचं. मग छातीला नळी लावायची. मालक कामाच्या दिवशी बाया सोडेना, म्हणून डॉक्टर यायचे बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी जिन बंद. आणि आम्ही? डॉक्टरापुढे जायचं म्हणून न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, सणाला निघाल्यासारख्या. कापूस फळीवरून पार खाली उडायचा! असे तीन हंगाम गेले. मग डॉक्टरांनी नागपूरला सरकारकडे अहवाल पाठवला : छात्या साफ आहेत.

खरं तर आमचा दम कोंडायचा तो बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, कामावर परत गेलो की. छातीवर जातं ठेवल्यासारखं व्हायचं. पुढं दोन-तीन दिवसांत उतरायचं. पण ते आम्ही डॉक्टरांना सांगितलंच नाही, कारण आमच्या लेखी तो आजारच नव्हता. सासवा म्हणायच्या, “बाजारातले भजे खाल्ले न? भोगा आता!” आम्हालाही ते पटलेलं. मी तर दोन वर्षं भज्याला हात लावला नाही, तरी दम तसाच.

हे फोडलं हमीदाबीनं. माझ्या शेजारच्या यंत्रावर असायची, जिभेची मोठी तिखट. अहवाल गेल्याचं ऐकलं आणि भर बायांत म्हणाली, “डॉक्टरसाब, तुमी तं शादीच्या दिवशी नवरी पाहता अन् म्हणता, रोज अशीच दिसते. उद्या या की! उद्या तुमाले आमचं थोबाड दाखवतो.”

सगळ्या हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर, बाभळीखाली फळी घेऊन बसले. सुटी झाल्यावर हमीदाबीनं फुंकलं. कापूस चौथ्या रेघेवर थांबला. आदल्या दिवशी फळीखाली पडला होता तो. डॉक्टरांनी तिला परत फुंकायला लावलं, मग परत... शेवटी तीच वैतागली, “जीव घेता काय?”

त्याच आठवड्यात त्यांनी नागपूरला लिहिलं की माझा अहवाल चुकला, मी चुकीच्या दिवशी तपासलं. एका ओळीचं उत्तर आलं : पूर्वीचा अहवाल समाधानकारक आहे. मालकानं तर तो पहिला कागद काचेत मढवून कचेरीत लावला. कोणी दमाचं बोललं की तिकडे बोट दाखवायचा. “तुमच्याच डॉक्टरची सही आहे, बाई.”

त्यानंतर वीस-एक हंगाम आबाजी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी त्या बाभळीखाली बसले. वह्या भरल्या, नागपूरला गेल्या, परत आल्या. हमीदाबीचा कापूस दुसऱ्या रेघेवर आला. “काम सोड,” डॉक्टर म्हणाले. ती म्हणाली, “सोडून खाऊ काय, तुमची फळी?” पुढच्या चैत्रात ती गेली. मातीहून परतताना डॉक्टर सगळ्यांच्या मागं चालत होते, जोडे हातात. एवढंच म्हणाले, “तीन वर्षं, गयाबाई. तीन वर्षं तिनं माझ्यासमोर फुंकलं, अन् मी ‘साफ’ लिहिलं.”

शेवटची भेट यंदा दिवाळीनंतरची, साखरखेर्ड्याला. खाटेवर होते. मला पाहून विचारलं, “तो कागद लटकूनच आहे न अजून?”

खोटं बोलवलं नाही. म्हटलं, “हाव.”

“मी मरीन, गयाबाई. तो नाही मरायचा.” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तर पुरवणीच्या वाचकांनो, ती ओळ खोटी आहे. आबाजी डॉक्टरांनी ती स्वतःच्या हातानं खोडली होती, तीही एकदा नाही, दर हंगामाला. मी साक्षीला होते. जिन सोडून मला कैक वर्षं झाली, पण आता माझा दम वार पाहत नाही, रोजचाच झाला. एवढं लिहिताना सात वेळा थांबले. मोजायची सवय त्यांचीच.