भात किती वाजता उतरवला?

लग्नाच्या मांडवात शिरलं की लोक आधी नवरा-नवरी बघतात. आमचे गुरुजी थेट चुलीकडे जायचे आणि आचाऱ्याला विचारायचे, "भात किती वाजता उतरवला?" मला आठवीला विज्ञान शिकवलेल्या या माणसाचं खरं नाव धर्माबादेत कुणाला आठवत नसे. सगळे 'किती वाजता गुरुजी' म्हणत.

भात उतरवून चार तास झाले असले की गुरुजी पंगतीला बसत नसत, आणि तेही चारचौघांत सांगून. यजमानाचं तोंड एवढंसं व्हायचं. आचारी म्हणायचा, "गुरुजी, पुन्हा दणकून वाफ देतो की. काय राहतंय मग?"

"वाफेनं जंतू मरतील रे. त्यांनी भातात सोडलेलं विष उकळून बी मरत न्हाई."

आमच्याकडे पंगतीच्या अन्नाला नाव ठेवायची पद्धत नाही. उलट्या झाल्या तर ऊन लागलं, नजर लागली, नाहीतर पाहुण्याचंच पोट नाजूक. एकदा गुरुजींनी सख्ख्या साडूच्या घरी बारशाचा भात ओतून द्यायला लावला. त्या दिवशी कुणीच आजारी पडलं नाही, म्हणून साडूने दोन वर्षं अबोला धरला. गुरुजी म्हणाले, "कोणी पडलं न्हाई, त्याचाच राग आलाय बघ त्याला."

शेवटच्या आजारपणात मी त्यांना नांदेडला भेटायला गेलो. माझा हात धरून म्हणाले, "मी गेल्यावर कोण इचारल रे? तू इचारशील?"

"हाव गुरुजी," मी म्हणालो.

त्यांच्या तेरवीला भात सकाळी नऊला उतरला. पण श्रद्धांजलीला आमदारसाहेब यायचे होते, आणि त्यांच्याआधी पंगत बसवणं म्हणजे त्यांचा अपमान. साहेब अडीचला आले आणि गुरुजींच्या आरोग्यजागृतीवर पाऊण तास बोलले. आचाऱ्याने भाताला पुन्हा वाफ दिली. मी चुलीजवळच उभा होतो. प्रश्न अगदी ओठांवर आला होता, पण दुःखाच्या घरी, साहेबांच्या देखत, एवढ्या माणसांत विचारायचं कसं? मी मुकाट्याने पंगतीत बसलो. साहेब मात्र पुढचा कार्यक्रम आहे म्हणून न जेवताच गेले.

दिवेलागणीला अर्धी पंगत दवाखान्यात ओकत होती. माझ्या शेजारच्या खाटेवर गुरुजींच्या मंडळी, आमच्या काकू, सलाईन लावून पडल्या होत्या. इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि मला विचारलं, "भात किती वाजता उतरवला होता?"

काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. वेळ मला तोंडपाठ होती.