वळणावरची हाक

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी साताऱ्यात रोज पहाटे रानातून पळत होते, असं आता कुणाला सांगितलं तर लोक आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात. हौस म्हणून मी पळत नव्हते. पळायचं होतं माझ्या मुलीला. मला फक्त तिच्या पाठीला लावून दिलं होतं.

तिला पोलिसात जायचं होतं. बायकांसाठी जागा निघायला लागल्या होत्या आणि कॉलेजातल्या तिच्या घोळक्यात दुसरा विषय नव्हता. तिचे वडील सैन्यात, तिकडे आसामात. सुट्टीवर आले की ते "पळू दे की" म्हणायचे, आणि गाडीत बसले की घरात माझ्या सासऱ्यांचा शब्द चालायचा. सासऱ्यांनी उंब्रजचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. बागायती ऊस, एकुलता मुलगा. "येक भरती बगू," ते म्हणाले. "लागली तर लागली. न्हाई तर दिवाळी झाली की बार उडवायचा."

मैदानावर पोरांची गर्दी आणि त्यांच्या शिट्ट्या, म्हणून ती तिथं जात नव्हती. आमच्या कॉलनीच्या टोकाला वनखात्याची बाग होती. पुढं दोन झोपाळे आणि रंग उडालेला सिमेंटचा हत्ती. त्यामागं निलगिरीच्या रांगा, आणि त्याही मागं डोंगराला लागून आपलं जुनं रान तसंच राहिलेलं: करवंदीच्या जाळ्या, हेकळ, धायटी, मधेच एखादा हिरडा. त्यातून गुराख्यांची पायवाट वर जायची आणि दुसऱ्या अंगानं फिरून गेटापाशी उतरायची. पळायला ती नामी होती. पण सासरे म्हणाले, "पोरगी एकली रानात जायाची न्हाई. सूनबाई, तू संगं जा."

झालं. जाडी सुती साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मी निघाले. बागेचा राखणदार पहिल्या दिवशी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "बाई, भरती पोरीची हाय का तुमची?" मी धापा टाकत पुढं पळणाऱ्या पोरीकडं नुसता हात केला.

ती हरणासारखी जायची आणि मी मागून भात्यासारखी फुसफुसत. करवंदीचे काटे पदर धरून ठेवायचे. वाट सारखी वळत असल्यामुळे ती दहा पावलं पुढं गेली की दिसेनाशी व्हायची, आणि मग मी सोबत आहे म्हणण्यात अर्थ काय? म्हणून आम्ही एक रीत ठरवली. प्रत्येक वळणावर तिनं वेग कमी करायचा, मागं वळायचं आणि हाक द्यायची, "आई, हाय का?" मी "हाय!" म्हटलं की तिनं पुढं सुटायचं. हेकळीच्या वळणावर हाक, मोठ्या दगडाशी हाक, हिरड्याखाली हाक. रोज.

घरी येऊन भाकरी, डबे, सासऱ्यांचा चहा, आणि मग नगरपालिकेच्या शाळेत पहिलीचा वर्ग. पोरं पाढे म्हणू लागली की माझे डोळे मिटायचे. त्या वर्षी मी जितकी थकले तितकी पुढं कधी थकले नाही, बाळंतपणातही नाही. पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या आणि रात्री कूस बदलताना तोंडातून आवाज निघायचा. खरं सांगायचं तर कितीदा मनात आलं, पडू दे त्या उंब्रजच्या पोराच्या गळ्यात माळ आणि मला झोपू द्या. पण पहाटे ती माझे बूट झटकून दारात ठेवायची आणि मी गुपचूप पाय घालायचे.

भरती सांगलीला निघाली. अंधारातच एसटी धरून आम्ही पोचलो. मुलींना आत घेतलं आणि आम्हा सोबतच्या बायकांना तारेच्या कुंपणाबाहेर उभं केलं. पांढऱ्या फक्कीनं आखलेला सपाट गोल होता. काटा नाही, चढ नाही, दगड नाही. मला वाटलं, आपल्या पोरीला हे म्हणजे अंगण आहे.

शिट्टी झाली आणि ती सगळ्यांच्या पुढं निघाली. सरळ पट्ट्यात तिला कुणी गाठू शकेना. मग वळण आलं. तिथं तिचा वेग पडला. मान मागं वळली. क्षणभर ती कुणाला तरी शोधत राहिली, तेवढ्यात दोघी तिला ओलांडून गेल्या. पुन्हा सरळ पट्टा, पुन्हा ती पुढं. पुन्हा वळण, पुन्हा मान मागं.

"हाय!" मी ओरडले. तार घट्ट धरून ओरडले. शेजारी तासगावकडची एक बाई लेकीसोबत आलेली होती, ती दचकून म्हणाली, "कुनाला म्हनताय वो?"

माझा आवाज तिथवर कसला पोचतोय. दोन्ही फेऱ्यांत एकही वळण तिनं सरळ काढलं नाही. थोडक्यात भरती हुकली. बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "पाय आपसूक थांबत व्हतं गं." डबा तसाच परत आला.

घरी सासरे ओट्यावरच बसले होते. "आता उंब्रजला निरोप धाडतो," म्हणाले.

सासऱ्यांपुढं मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं, त्यामुळं बहुतेक भीड बाळगायलाही जमलं नाही. "मामंजी, आवं, ती पळण्यात कमी न्हाई पडली. मागं बगायची सवय आपनच लावली तिला. अजून येक भरती हुंदे. आन आता ती एकटी पळंल."

"आन काय वंगाळ झालं तर?"

त्यांच्याइतकीच मलाही भीती वाटत होती, किंबहुना जास्तच. "गेटावर बसती मी," एवढंच म्हणाले. ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. त्यांचा होकार असाच यायचा.

दुसऱ्या दिवशी मी सिमेंटच्या हत्तीशेजारी दगडावर बसले. बसायला मिळालं म्हणून खरं तर बरं वाटायला हवं होतं. ती निलगिरीतून गेली, रानात शिरली. थोड्या वेळानं हेकळीच्या वळणावरून आवाज आला, "आई, हाय का?"

सवयीनं तोंड उघडलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

"आई?"

राखणदार झाडू थांबवून माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला हातानंच गप्प राहायला सांगितलं. रानात काही हलेना. ती परत येणार असं वाटलं, आणि ती यावी असंही वाटलं, ते का लपवू? मग पावलांचा आवाज आला. तो लांब जात होता. मी तिथं बसून पोटभर रडले.

पुढच्या भरतीला ती मैत्रिणींबरोबर गेली, मला नेलं नाही. तिसऱ्या प्रहरी परतली ती पेढे घेऊनच. सासऱ्यांनी पहिला पेढा उचलला आणि उंब्रजचं नाव काढलं नाही. मी चुलीपाशी तिला हळूच विचारलं, "वळणावर काय केलंस?"

"हाक मारली की. मनातल्या मनात," ती म्हणाली. "तू ओ दिली न्हाईस. मग पळाले."