धाकट्याच्या मशीनला मोटर

थोरल्याला मधुमेह झाला याचं दुःख त्याला होतंच, पण खरी पोटदुखी वेगळी होती. धाकट्याला झाला नव्हता.

दोघे भाऊ शिंपी. एकाच दुकानात समोरासमोर बसत. बाजारात त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणत. थोरला काडीपैलवान. लग्नातली विजार त्याला अजून होत असे आणि नव्या गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तो हे आवर्जून ऐकवत असे. धाकटा दोन माणसांचं जेवे. चहात तीन चमचे साखर घाली, आणि तिसरा चमचा मुद्दाम आपल्याकडे बघत घालतो, असं थोरल्याचं ठाम मत होतं. धाकटा बिचारा तेव्हा बहुतेक वेळा रस्त्याकडे बघत असे.

सहा वर्षं थोरला गोळ्या खात होता. सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, आकडा बघून तोंड कडू करायचं, आणि दुकानात येऊन धाकट्याला एकामागून एक बिस्किटं चहात बुडवताना बघायचं. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होई. "हा एवढा ढोल, आणि ठणठणीत! मी काय पाप केलंय?" असं तो बायकोला रोज विचारी. बायको म्हणे, "अहो, सख्खा भाऊ आहे. त्याला झाला तर तुमचा बरा होणार आहे का?" मग थोरला तिच्यावरच चिडे.

अशात एका मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरबाईंना संशोधनासाठी भावांच्या जोड्या हव्या होत्या, एकाला मधुमेह आणि दुसऱ्याला नाही अशा. दोघे गेले. रक्त दिलं, मोठ्या यंत्रात झोपून मांड्यांचे फोटो काढून घेतले. आता धाकट्याचं पितळ उघडं पडणार म्हणून थोरला आठवडाभर खुशीत होता. निकाल ऐकायच्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा सूट द्यायचा होता, म्हणून धाकटा दुकानात थांबला आणि थोरला एकटाच गेला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या मांडीच्या स्नायूंत चरबी जवळजवळ सारखीच आहे."

थोरला खुर्चीतून उठलाच. "माझ्या? अहो बाई, चिमटा काढायला मांस नाही माझ्या अंगावर!"

"कातडीखाली नाहीच. स्नायूच्या आत आहे. ती वरून दिसत नाही."

"बरं, असू दे. पण सारखीच आहे, तर साखर मलाच का?"

बाईंनी जरा विचार केला. "दुकानात कापड असणं वाईट आहे का? पडून राहणं वाईट. स्नायूतली चरबी हे त्याचं जळण. तुमच्या भावाचे स्नायू ती रोज जाळतात आणि नवी भरतात. तुमच्यात ती पडून राहते, मग तिच्यापासून नको ते पदार्थ तयार होतात. जेवल्यावर इन्शुलिन स्नायूला निरोप देतं, साखर आत घे म्हणून. तो निरोप हे पदार्थ पोचू देत नाहीत, असं आम्हाला वाटतं. मग साखर रक्तातच फिरत बसते. तुमचे भाऊ दिवसभर करतात काय?"

"मी करतो तेच. शिवतो. माझ्या मशीनला नऊ वर्षांपूर्वी मोटर बसवली. तो अजून पायानंच चालवतो."

"बघा! म्हणजे दिवसाचे आठ तास त्यांचे पाय कामात. सगळं तेवढ्यावरच असतं असं नाही, जन्मतः मिळालेलंही असतं. पण तुम्ही रोज चालायला लागा. आणि त्यांना सांगा, पाय थांबवू नका."

दुसरा कुणी असता तर चालायला लागला असता. थोरला दुसऱ्या दिवशी नवी मोटर घेऊन आला. धाकट्यासाठी! "किती दिवस पाय मारत बसणार आहेस?" असं म्हणून त्यानं ती स्वतःच्या हातानं बसवून दिली. धाकट्याचे डोळे भरून आले. शेजारचा चांभार म्हणाला, भाऊ असावा तर असा. थोरल्याला लाज वाटली का? वाटली की. दुपारपर्यंत वाटली. दुपारी धाकट्यानं बिस्किटांचा पुडा फोडला आणि लाज कुठल्या कुठे गेली.

पुढचे पाच महिने थोरल्याचं अर्धं लक्ष शिवणीवर आणि अर्धं समोर. धाकट्याला जेवणानंतर पेंग येऊ लागली, ती त्यानं हेरली. सदऱ्याची बटणं ताणली जाऊ लागली, तीही. स्वतः मात्र हा गृहस्थ बसस्टॉपपर्यंतसुद्धा चालला नाही. जळण्यातच त्याचा सगळा दिवस जाई.

मग कॉलेजानं दोघांना पुन्हा तपासणीला बोलावलं. या खेपेला निकाल आणायला धाकटा गेला. परत आला तो थेट थोरल्यासमोर उभा राहिला आणि कागद पुढे केला. उपाशीपोटीची साखर आधी ब्याण्णव होती, ती एकशे बावीस झाली होती. अजून मधुमेह म्हणत नव्हते, पण आता तो फार लांबही नव्हता.

याच कागदासाठी थोरला सहा वर्षं झुरत होता. त्यानं आकडा दोनदा वाचला. आनंद काही होईना.

"दादा, खाणं तर होतं तेवढंच आहे रे," धाकटा म्हणाला. त्यानं कागद परत घेतला. "घरी अजून बोललो नाहीये. ती घाबरेल. तुला यातलं कळतं. माझं काय चुकलं सांग ना."

थोरल्यानं खाणंच जास्त झालं म्हणून सांगितलं असतं तरी खपून गेलं असतं. त्यानं तोंड उघडलंही त्यासाठीच. मग ते मिटून त्यानं खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला, धाकट्याच्या मशीनपाशी उकिडवा बसला आणि मोटर सोडवू लागला.

"अरे, चांगली चालतेय की!"

"चालतेय म्हणूनच काढतोय." थोरल्यानं मान वर केली नाही. "तुझं काही चुकलं नाही. त्या बाईंनी मला बजावलं होतं, भावाला सांगा पाय थांबवू नका. दुसऱ्याच दिवशी मी ही आणली. मुद्दाम आणली. तुलाही व्हावं असं वाटत होतं मला. जळत होतो तुझ्यावर."

आता हा कात्री फेकून मारेल, असं थोरल्याला वाटलं. मारली असती तर बरंच झालं असतं. धाकटा आपल्या स्टुलावर बसला आणि हातातल्या कागदाची घडी घालू लागला.

"मी सगळ्या बाजाराला सांगत सुटलो होतो," तो म्हणाला, "माझे गुडघे दुखतात हे मी कुणालाच बोललो नव्हतो, तरी दादाला कळलं, म्हणून त्यानं मोटर आणली."