फळीच्या वर भारा नाही

आमच्या देवरीकडच्या गावात धान कापून झाला की पहिली खेप उंच भरून आणायची रीत होती. ट्रॉली गावातून जाताना लोक भारे मोजत नाहीत, उंची पाहतात. मला ही रीत कधी पटली नाही. ट्रॉली माझी होती, आणि लोखंडाला उंची कळत नाही, वजन कळतं.

त्या वर्षी माझ्या साळ्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा, धान कापून बांधीत, म्हणजे खाचरात, पडला होता. मध्येच एक पाऊस येऊन गेल्यामुळे भारे आतून ओले होते, आणि आभाळ पुन्हा भरून आलं होतं. आणखी एक पाणी आलं असतं तर लोंबीतच दाण्याला कोंब फुटले असते. त्याची घाई खरी होती, पण घाईतही त्याची उंचीची हौस सुटत नव्हती. मी ट्रॅक्टरचं तेलपाणी पाहून येईपर्यंत त्याने ट्रॉलीच्या बाजूच्या फळ्यांच्या वर माणूसभर भारे चढवले आणि वर जाऊन बसला. मी खाली वाकून पाहिलं. स्प्रिंगचे पाटे कमानीसारखे वाकलेले असतात, ते पार सपाट झाले होते.

"उतरव गा थोडे," मी म्हटलं.

"काऊन जी भाऊजी? धान हाय, गिट्टी नाही!"

"ओला हाय. पाटे बसले."

"पाटे बसले का तुमी बसले? जमत नसन तं सांगा, दुसऱ्याची ट्रॉली पाहतो."

बांधावरच्या बाया हसल्या. याला कानाने कळत नाही, डोळ्याने कळेल, म्हटलं, आणि गिअर टाकला.

नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, चाक खड्ड्यात उतरलं आणि खालून कडकन आवाज आला. सगळ्यात मोठा पाटा मोडला होता. एक्सल एका बाजूने मागे सरकला आणि चाक ट्रॉलीच्या अंगाला घासू लागलं. साळा घसरतच खाली आला, डोक्यात तणस.

"आता कसं जी?"

अशा वेळी मला घाबरायचं सुचत नाही, काम सुचतं. अर्धे भारे उतरवून शेजारच्या उंचवट्यावर रचायला लावले आणि वर ताडपत्री टाकली. जॅक लावला, येनाच्या टणक लाकडाचा ठोकळा एक्सलवर ठोकून साखळीने आवळला. बैलाच्या चालीने अर्धा धान साळ्याच्या घरी पोचवला.

मग एक्सल आणि पाटे खोलून मालाच्या जीपमध्ये टाकले आणि दोघं कोहमारा गावच्या फिटरकडे गेलो. एक्सल मधोमध वाकला होता.

फिटर म्हणाला, "चाचा, गरम करके सीधा कर देता हूँ, शाम तक ले जाओ. और दो पट्टे बढ़ा देता हूँ, फिर पहाड़ लाद लो."

"हाव, तसंच करा!" साळा म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं. "नवा एक्सल पाहिजे. आन् पाटे होते तेवढेच टाक."

तापवून सरळ केलेला एक्सल पुन्हा त्याच जागी वाकतो. पाटे वाढवले की ते लवचत नाहीत, सारा धक्का खाली जातो, मग पाट्याच्या जागी एक्सल मोडतो. हे मी शाळेत शिकलो नाही, शाळेत फार दिवस गेलोच नाही. पण नवा एक्सल गोंदियाहून दुसऱ्या दिवशी येणार होता, आणि साळा तापला.

"तिकडं माह्या धानाले कोंब येऊन राहिले, अन् तुमी इथं जिद कायले करून राहिले?"

"रस्त्यात पुन्हा मोडली तं धान डोक्यावर नेशील का? एकदाच बसवीन, पक्की बसवीन."

परतताना बसमध्ये तो दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. संध्याकाळी पाणी आलंच. मी जेवलो, तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी नवा एक्सल आणि पाटे आणून बसवले आणि रपट्याजवळ गेलो. भारे फळीपर्यंत आले, तरी याने आणखी एक उचलला. मी इंजिन बंद करून चाबी खिशात टाकली. त्याने भारा खाली ठेवला. उरलेला धान दुसऱ्या खेपेत आणला.

अंगणात ढीग लागल्यावर त्याने ताडपत्रीखाली राहिलेल्या भाऱ्यांच्या खालच्या थरातली एक लोंब काढून माझ्या नाकासमोर धरली. दाण्यांना पांढरे कोंब आले होते.

"घ्या. हे तुमच्या जिदीचं पीक."

मी त्याच ढिगात कोपरापर्यंत हात घातला. दुसरी लोंब ओढली, तिला कोंब नव्हते; दाणा दातात धरला. कट्‌ वाजला.

"आन् हे कोनाच्या जिदीचं?"

त्याने माझ्या हातातली लोंब घेतली, दाणा चावून पाहिला आणि पुढचा भारा खांद्यावर घेऊन आत गेला.